कॅमेऱ्याशेजारची जागा

अगं लोर्ना, ते सँडविच खाली ठेव आणि आधी नुसतं ऐक. मधे बोलू नकोस. मधे बोललीस की माझा धागा तुटतो, आणि ही गोष्ट अशी आहे की धागा तुटला तर तू व्हर्नाला वाईट ठरवून मोकळी होशील. नाहीतर ट्रूडीला. दोन्ही इतकं सोपं नाहीये.

व्हर्ना किटरिज म्हणजे कोण ते तुला नावावरून नाही कळायचं, चेहरा बघितलास की कळेल. सिनेमात हिरोचं जिच्याशी लग्न ठरलेलं असतं आणि शेवटच्या रिळात मोडतं ना, ती. उंच, ताठ मानेची, अंगात भारीतला कोट, आणि शेवटी अंगठी काढून देणारी. लढाई सुरू व्हायच्या आधीपासून ती अंगठ्या परत करत होती. लढाई संपली, पोरं घरी आली, सगळ्या देशात लग्नाचा नुसता सपाटा लागला, पण हिचं लग्न काही पडद्यावर लागेना.

आणि मग तो सिनेमा आला. तेव्हा कुणालाच घरं मिळत नव्हती, लोक गॅरेजात संसार मांडून बसले होते, त्यावरच कुणीतरी एक हसरी गोष्ट लिहिली. घरमालकानं एकच फ्लॅट चुकून दोघांना दिलेला, एक लढाईवरून आलेला सैनिक आणि एक तोंडाळ पोरगी. दोघांच्या हातात एकेक किल्ली, दोघंही हलायला तयार नाहीत, मग मधे चादर बांधायची आणि भांडत भांडत प्रेमात पडायचं. ही पोरगी व्हर्ना करणार असं जवळजवळ ठरलं होतं. डायरेक्टर हॅलोरन स्वतः म्हणाले होते, की व्हर्ना, आता तुला एकदा हसवायला लावू या, फक्त नावापुरती स्क्रीन टेस्ट घेऊ. तिच्या घरमालकिणीनं तर टेस्टच्या आधीच आनंदाचा म्हणून लिंबाचा पाय, तो भट्टीत भाजलेला गोड पदार्थ, करून ठेवला होता.

आता ट्रूडी. ट्रूडी लिंडक्विस्ट तिकडच्या बर्फाळ मिनेसोटाहून बसनं आली तेव्हा इथल्या ऐन उकाड्याच्या सप्टेंबरात अंगात लोकरीचा कोट. घामानं निथळत होती, पण कोट काढेना, कारण आतला ड्रेस उसवलेला. व्हर्नाच्या खोलीत दुसरी कॉट रिकामी होती, ती तिला मिळाली. व्हर्नानं तिला सगळं शिकवलं गं, अगदी सगळं. लिपस्टिक न बिघडवता डोनट कसा खायचा. मोठ्या दिव्यासमोर डोळे न मिचकावता कसं उभं राहायचं. तो दिवा आपल्यावर नीट आहे की नाही हे वर न बघता कसं ओळखायचं, तर गालावर ऊब लागली पाहिजे, थंडीतल्या उन्हासारखी. ऊब गेली की समजायचं, आपण अंधारात आहोत.

आणि टेस्टच्या दिवशी काय झालं ते ऐक. तुला माहीत आहेच, कॅमेरा एकीच्या चेहऱ्यावर असतो तेव्हा समोरच्या माणसानं कॅमेऱ्याला अगदी खेटून उभं राहायचं आणि आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे हिला कुणाकडे तरी बघून बोलता येतं. त्या माणसाचं तोंड दिसत नाही, त्याचा आवाजही नंतर कापून टाकतात. तो फक्त हिच्यासाठी असतो. तर त्या दिवशी जी बाई हे करणार होती तिची दाढ सुजली, आणि व्हर्नाच घरी ट्रूडीला म्हणाली, "चल गं माझ्याबरोबर, चार वाक्यं म्हणायचीत, पाय मोकळे होतील." ट्रूडी तशीच उठून गेली, कोपरावर रफू केलेल्या स्वेटरमध्ये. कॅमेऱ्याशेजारी उभी राहून वाचायला लागली. दुसऱ्याच ओळीला कॅमेरावाला फिसकन हसला. चौथ्या ओळीला हॅलोरन वळून बघायला लागले. पान संपलं तेव्हा ते म्हणाले, "जरा कॅमेरा तिकडे वळवा रे."

व्हर्ना मला सांगत होती, मी तिचे केस बसवत होते तेव्हा, की तिला आधी काही कळलंच नाही. फक्त गालावरची ऊब गेली.

झालं. त्या पोरीचं काम ट्रूडीला मिळालं, आणि व्हर्नाला सैनिकाच्या ठरलेल्या बायकोचं. परत अंगठी. घरी आल्यावर ट्रूडी कॉटवर बसून रडरड रडली, म्हणाली मी नाही म्हणते, मला नको. व्हर्ना म्हणाली, वेडी आहेस का, घे गपचूप. आणि त्या क्षणी तिला खरंच तसं वाटत होतं हं. दोघींनी मिळून तो लिंबाचा पाय खाल्ला. पण सकाळी उठल्यावर ट्रूडीचा दात घासायचा आवाज तिला सहन होईना. मग तिचं गुणगुणणं. मग ती हसून "व्हर्ना, हे बरोबर म्हणतेय ना मी?" असं विचारायची ते. प्रत्येक वेळी व्हर्ना बरोबर सांगायची, आणि सांगताना आतून जळून जायची, कारण ते सगळं ती स्वतःच्या तोंडात घोळवून बसली होती.

शूटिंग सुरू झालं. पहिले काही दिवस सगळे खूश. मग वरच्या ऑफिसातून कुरबुर ऐकू यायला लागली. पोरगी गोड आहे, पण नुसतीच गोड आहे, हसवते पण आत काही लागत नाही. स्वयंपाकघरातला सीन यायचा होता, सगळा सिनेमा त्याच्यावर उभा होता. तो सीन जमला नाही तर पोरगी बदलायची, असं ऑफिसात ठरलंय म्हणे. ज्या दिवशी तो सीन होता त्या सकाळी हॅलोरन मेकअपच्या खोलीत आले, व्हर्नाच्या मागे उभे राहिले, आरशातूनच तिला म्हणाले, "पोरीची वाक्यंही पाठ आहेत ना तुला?"

"आहेत," व्हर्ना म्हणाली.

"असू दे," म्हणाले आणि गेले.

एवढंच. पण तुला सांगते, तेवढ्यानं तिच्या अंगात वारं भरलं.

सीन असा होता. ठरलेली बायको न सांगतासवरता फ्लॅटवर येते. बघते तर ही पोरगी हिरोचा घरात घालायचा गाऊन घालून अंडी तळतेय. बायको म्हणते, "हा गाऊन माझ्या होणाऱ्या नवऱ्याचा आहे." पोरगी गाऊनकडे बघते, तव्याकडे बघते, आणि म्हणते, "तुम्ही अंडं कसं घेणार?" बस, एवढंच. पण मेख अशी होती की पोरीला त्याच क्षणी कळतं, आपलं या माणसावर प्रेम बसलंय आणि त्याचं तर लग्न ठरलंय. म्हणजे लोक हसले पाहिजेत आणि हसता हसता त्यांच्या पोटात कालवलं पाहिजे.

व्हर्नाचे शॉट आधी घेतले, ते पटापट झाले, तिचे नेहमीच पटापट होतात. मग कॅमेरा ट्रूडीकडे वळला. आता व्हर्नाचं काम संपलं होतं, ती घरी जाऊ शकली असती. मोठी माणसं जातातच, मग स्क्रिप्ट सांभाळणारी बाई किराणा वाचल्यासारखी वाक्यं वाचते आणि आपण तिच्याकडे बघून प्रेमात पडायचं. पण व्हर्ना म्हणाली, मी थांबते. सगळे म्हणाले, बघा, याला म्हणतात मोठं मन. ट्रूडीनं तर लांबून हात जोडून छातीशी नेले.

आणि व्हर्ना कॅमेऱ्याशेजारी उभी राहिली आणि तिनं आपलं वाक्य अर्धा श्वास उशिरा म्हटलं.

अर्धाच. लक्षात येतंय का तुला? चूक नाही, विसरणं नाही, कुणी बोट ठेवू शकणार नाही असं. पण विनोदात अर्धा श्वास म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. ट्रूडी गाऊनकडे बघायची, आणि वाक्य आलेलंच नसायचं, मग आल्यावर घाईनं तव्याकडे बघायची, मग अंड्याचं वाक्य असं पडायचं जसं हातातून ताट पडतं. पुन्हा. आता व्हर्ना अर्धा श्वास लवकर. पुन्हा. टेकवर टेक. दर टेकला नवी अंडी फोडायची, आधीची त्या दिव्यांखाली आचेशिवायच कडक व्हायची, सगळ्या सेटवर असा वास सुटला की विचारू नकोस. आवाज टिपला जाईल म्हणून पंखे बंद. ट्रूडीच्या मानेवर लाल चट्टे उठले, आम्ही पावडर लावून लावून दमलो. हॅलोरननी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली, आणि ते हॅट काढतात तेव्हा त्यांचा धीर संपत आलेला असतो, ते तुला सांगायला नको. तेवढ्यात वरच्या ऑफिसातला एक सुटातला माणूस येऊन मागच्या खुर्चीत बसला. मांडीवर मांडी टाकली फक्त.

व्हर्नाला तो दिसला. तिला कळलं की आता एक-दोन टेक, मग जेवणाची सुट्टी, आणि सुट्टीनंतर तो गाऊन तिच्या अंगावर असेल.

आणि नेमकं तेव्हाच ट्रूडीनं तिच्याकडे बघितलं. टेकच्या आधी. पहिल्या दिवशी खोलीच्या दारात, कोट घालून उभी होती तेव्हा बघितलं होतं तसं. माझं काय चुकतंय ते सांग ना, असं. व्हर्ना सांगत होती, तिला दया यायला हवी होती. पण तिला त्या विश्वासाचाच संताप आला. हिच्याकडे सगळंच आहे, वर हा विश्वासही हिच्याचकडे. मी मात्र तिला कापतेय आणि ती माझ्याकडेच औषध मागतेय.

टेक सुरू झाला. ट्रूडीनं अंडं फोडलं. व्हर्नानं या वेळी उशीर केला नाही की घाई केली नाही. गाऊनचं वाक्य म्हटलंच नाही तिनं. हळू आवाजात, सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "ट्रूडी, तू उभी आहेस ना, ती जागा माझी आहे. माझी होती. तू घेतलीस."

मोडायलाच म्हणाली ती. तिथंच, त्या माणसासमोर, ट्रूडीचं तोंड कोसळावं म्हणून.

आणि ते कोसळलं. मी बघितलंय. आधी काहीच कळलं नाही असं, मग कळलं असं, मग डोळे काठापर्यंत भरले. मग ती गाऊनकडे बघायला लागली, जसं काही तो खरंच कुणाचा चोरून घातलाय. मग तव्याकडे. आणि मग तिला आठवलं की कॅमेरा चालू आहे, आणि तिनं नाक वर ओढलं, अगदी पोरासारखं, आणि विचारलं, "तुम्ही अंडं कसं घेणार?"

मग माइकचा बांबू धरणारा तो दांडगा गडी आधी खुदकन हसला आणि मग बाहीनं डोळे पुसायला लागला. हॅलोरन म्हणाले, "कट. हाच ठेवा." आणि हॅट डोक्यावर घातली. मागचा सुटातला माणूस उठून निघून गेला, जाताना त्यानं ट्रूडीला मान लववली. तशी मान आपल्यासाठी कुणी कधी लववत नाही.

आता गंमत बघ. सगळ्यांना वाटलं व्हर्नानं मुद्दाम केलं. ट्रूडीला रडवायला, सीन जमवून द्यायला. हॅलोरन तिच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "जुनी माणसं अशा युक्त्या करायची, पोरी. मी विसरूनच गेलो होतो." कामगारांनी टाळ्या वाजवल्या. ट्रूडी धावत येऊन गळ्यात पडली, म्हणाली, तू नसतीस तर आज माझं काही खरं नव्हतं. आणि व्हर्ना त्या मिठीत ताठ उभी. काय सांगणार? तुला बुडवायला गेले आणि माझ्याच हातानं तुला वर काढलं?

मग तर तिचं जळणं आणखी वाढलं. तू म्हणशील पश्चात्ताप व्हायला हवा होता. झाला असेलही, पण त्याच्यावर हेच बसलं होतं, की सिनेमातला सगळ्यात चांगला क्षण माझा आहे आणि तो तिच्या चेहऱ्यावर आहे. ट्रूडी आता वर टेकडीवरच्या घरात राहायला गेली, स्टुडिओनंच दिलं, हिरॉइन दुसरीबरोबर न्हाणीघर वाटून घेते हे बरं दिसत नाही म्हणे. जाताना तो लोकरीचा कोट व्हर्नाच्या कपाटात राहिला. व्हर्ना रोज कपाट उघडायची आणि त्याला बाजूला सारून आपला ड्रेस काढायची.

शेवटचा दिवस आला. शेवटचा सीन पोरीच्या लग्नाचा, आणि ठरलेली बायको, म्हणजे आता न ठरलेली, ती येते आणि सैनिकानं तिला दिलेली फ्लॅटची किल्ली पोरीच्या हातात देते. ट्रूडीचं सगळं दुपारीच उरकलं. बाहेर गाडी उभी, मासिकवाले फोटो काढायला थांबलेले. राहिला होता फक्त व्हर्नाचा क्लोज-अप. पोरगी विचारते, "तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत ना?" आणि व्हर्नानं हसून म्हणायचं, "छे. मी फक्त किल्ली द्यायला आले होते."

ट्रूडी म्हणाली, मी थांबते. तशीच, लग्नाच्या पोशाखात, झालर हातात गोळा करून कॅमेऱ्याशेजारी येऊन उभी राहिली.

पहिला टेक छान झाला. व्हर्नाचे छानच होतात. मान ताठ, हसू मोजून मापून. हॅलोरन म्हणाले, चांगला आहे, सवयीनं अजून एक घेऊ.

दुसऱ्या टेकला ट्रूडीनं आपलं वाक्य म्हटलं नाही.

ती म्हणाली, "व्हर्ना, त्या दिवशी तू मला मदत करत नव्हतीस. मला तेव्हाच कळलं होतं."

आवाज कसा होता ते व्हर्नाला आजही सांगता येत नाही. चिडलेला नव्हता. प्रेमळही नव्हता. आणि गालावर दिवा, ऊब लागतेय, कॅमेरा चालू. व्हर्नाच्या चेहऱ्यावर ते सगळं वर आलं, टेस्टच्या दिवसापासूनचं सगळं, जळणं आणि लाज आणि परत जळणंच. काही लपवता आलं नाही तिला. आणि तोंडातून ते लिहिलेलं वाक्य बाहेर पडलं, "छे. मी फक्त किल्ली द्यायला आले होते." ते वाक्य इतकं खोटं वाटलं ना, लोर्ना, की मी खाली बघितलं.

हॅलोरन कट म्हणाले. मग ते उठून तिच्याजवळ आले आणि हळू बोलले, पण मी कंगवा घेऊन शेजारीच होते. म्हणाले, "पहिल्यात तू सुंदर दिसतेस. दुसऱ्यात नाही दिसत. दुसऱ्यात तू जळकी दिसतेस, आणि लोकांना ते कायमचं आठवेल. पण असं काम तू याआधी केलेलं नाहीस. कुठला ठेवू ते तू सांग."

व्हर्नानं ट्रूडीकडे बघितलं. हिनं हे देणं फेडलं की सूड घेतला? ट्रूडी झालर सारखी करत होती. वर बघेना.

"दुसरा," व्हर्ना म्हणाली.

परवा संध्याकाळी त्या लांबच्या गावातल्या थिएटरात न सांगता सिनेमा लावला ना, लोक काय म्हणतात ते बघायला, तेव्हा दोघी डोक्याला रुमाल बांधून शेवटच्या रांगेत शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी एक रांग पुढे. अंड्याचं वाक्य आलं आणि थिएटर असं हसलं की माझी खुर्ची हलली, आणि हसता हसता माझ्या शेजारची म्हातारी रुमाल शोधायला लागली. मागून ट्रूडीचा आवाज आला, "हा तुझा."



मग शेवटी किल्ली आली. पडद्यावर व्हर्नाचा चेहरा, एवढा मोठा. ती म्हातारी हळूच म्हणाली, "अगं बाई, बिचारी." म्हणजे बघ, हॅलोरनचंही चुकलं. जळकी बाई बघून कुणी बिचारी म्हणतं का? पण म्हणाली.

आणि मागून ट्रूडी म्हणाली, "आणि हा माझा."

मी मान वळवून बघितलं, राहवलंच नाही मला. दिवे अजून लागायचे होते. ट्रूडीनं दोघींच्या मधल्या खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला होता, तळवा वर करून, नुसता ठेवला होता. आणि व्हर्ना त्या हाताकडे बघत बसली होती. आपल्याच हातानं जिला मोठं केलं, आणि जिनं आपलं सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगलं एकाच वाक्यात बाहेर काढलं, तिचा हात.

व्हर्नानं तो घेतला की नाही, ते सांगते मी तुला, पण आधी तू सांग. खरं सांग हं, उगाच चांगलं दिसायला नाही. तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?